विचारा ना भाऊ: आर्चबिशपचा वाडा अन् जळालेलं लाकूड

मागच्या अंकात माझ्या हातून एक घोळ झाला. एका फोटोखाली मी 'टोलेडोच्या आर्चबिशपचा राजवाडा, स्पेन' एवढं लिहून मोकळा झालो, अन् अंक पोचल्या पोचल्या फोन सुरू. फोटोतला वाडा टोलेडोत नाहीच, तो आहे अल्काला दे एनारेस नावाच्या गावात, माद्रिदच्या जवळ. वाड्याचा मालक टोलेडोचा आर्चबिशप, म्हणजे कॅथॉलिक चर्चचा मोठा धर्मगुरू, पण गाव वेगळं. त्यात टोलेडोतही या आर्चबिशपचा एक वाडा आहेच, म्हणजे ज्यांनी नेटवर शोधलं ते आणखीच गोंधळले. चूक माझी, मान्य. पण त्या चुकीपायी इतकी पत्रं आली की यावेळचा आख्खा कॉलम या एकाच वाड्यावर करून राहिलो. गच्चीवरच्या संत्र्याच्या झाडाचा प्रश्न ज्यांनी विचारला होता त्यांनी जरा धीर धरा, झाड कुठं पळून नाही चाललं.

प्रश्न: माझा भाचा माद्रिदला नोकरीला आहे. त्याने व्हॉट्सॲपवर या वाड्याचे फोटो पाठवले. मला एक समजून नाही राहिलं, धर्मगुरूला राजवाडा कशाला लागते? सदरच्या चर्चसमोरून मी रोज जाते, तिथले फादर तर अगदी साधे राहतात. अन् फोटोत एका बाजूला चक्क किल्ल्यासारखा बुरूज दिसते, तो काय म्हणून? (एक काकू, प्रतापनगर)

काकू, पहिले आपल्या गावातलं सांगतो. नागपूरलाही आर्चबिशप आहेत. १९५३ पासून नागपूर हे कॅथॉलिक चर्चचं आर्चडायोसिस, म्हणजे आर्चबिशपच्या अखत्यारीतला भाग आहे, सदरचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे त्यांचं कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च, अन् मोहननगरला आर्चबिशप हाऊस. म्हणजे राहायचं घर अधिक ऑफिस, एवढंच. तेच डोक्यात ठेवून टोलेडोच्या आर्चबिशपकडे पाहिलं तर सगळं उलटं वाटणार.

टोलेडोचा आर्चबिशप म्हणजे आपल्या भाषेत धर्मगुरू कमी अन् जहागीरदार जास्त. त्याच्याकडे गावं, शेतजमिनी, कर, न्यायनिवाडा, सैनिक, सगळं असायचं. स्पेनच्या चर्चमध्ये मान पहिला त्याचा, अन् पैसा तर इतका की पोपच्या खालोखाल हाच असं लोक म्हणायचे. अल्काला गाव त्याच्याकडे कसं आलं तेही ऐका. नदीपलीकडच्या टेकडीवर अरबांचा एक किल्ला होता, तो १११८ मध्ये टोलेडोच्या आर्चबिशपने स्वतः लढून घेतला, मग ११२९ मध्ये सातव्या अल्फोन्सो राजाने तो भागच आर्चबिशपच्या गादीला देऊन टाकला. इनामच म्हणा ना. तिथून पुढे शतकानुशतकं गावचा मालक आर्चबिशप.

अन् गंमत अशी की 'अल्काला' हे नावच अरबी. अल-कलआ, म्हणजे किल्ला. आपला 'किल्ला' हा शब्द फारसीतून आला अन् फारसीत तो याच अरबी शब्दावरून गेला. म्हणजे तुमच्या भाच्याच्या फोटोतल्या गावाचं नाव अन् आपला सीताबर्डीचा किल्ला, शब्द एकच निघाला की नाही! एनारेस हे तिथल्या नदीचं नाव, म्हणून अल्काला दे एनारेस, एनारेसकाठचा किल्ला.

आता बुरुजाचं. तो वाडा सुरुवातीला वाडा नव्हताच, गढी होती. १२०९ च्या सुमारास हिमेनेस दे रादा नावाच्या आर्चबिशपने ती बांधायला घेतली, जुना अरबी किल्ला टेकडीवर अन् ही नवी गढी खाली सपाटीवर. पुढे चौदाव्या शतकाच्या शेवटी पेद्रो तेनोरिओ नावाच्या आर्चबिशपने ती पुन्हा मजबूत करून घेतली, तट, बुरूज, सगळं. भाच्याच्या फोटोत जो बुरूज दिसतो तो त्याच्याच नावाने ओळखतात, तेनोरिओचा बुरूज. हा तेनोरिओ माणूस मोठा वस्ताद. १३९० मध्ये कॅस्टिलचा (तेव्हाचं स्पेनमधलं मोठं राज्य) राजा पहिला हुआन अल्कालात घोडा दौडवत असताना पडला अन् जागीच गेला. वारस पोरगा अकरा वर्षांचा. तेनोरिओने काय करावं, तिथंच तंबू ठोकला अन् राजा जिवंत आहे, उपचार चालू आहेत असं भासवत बातमी दाबून धरली, तोवर इकडे पत्रं पाठवून पोराच्या गादीची व्यवस्था लावून टाकली. आता असल्या माणसाला साधं घर पुरेल का काकू? त्याला बुरूजच पाहिजे.

आणि या गढीत राजे नेहमी उतरायचे. सहाव्या-सातव्या मजल्यावरचं गेस्टहाऊस नाही, आख्खा दरबार घेऊन यायचे. १३४८ मध्ये अकराव्या अल्फोन्सोने अल्कालातच सभा भरवून कायद्यांचा एक मोठा संग्रह लागू केला, तो आजही या गावाच्या नावाने ओळखला जातो. पंधराव्या शतकात मार्तीनेस दे कोन्त्रेरास या आर्चबिशपने धर्मसभांसाठी एक भलंमोठं दालन बांधलं. त्याचं छत अख्खं लाकडाचं होतं, रंगवलेलं, नक्षी जोडून जोडून केलेलं, अन् ते मुस्लिम कारागिरीच्या परंपरेतलं. म्हणजे छताखाली बिशप बसून ख्रिस्ती धर्मावर चर्चा करणार अन् वर डोक्यावर मशिदीतल्यासारख्या तारकांच्या भौमितिक नक्ष्या. स्पेनमध्ये याला मुदेखार म्हणतात. तिथल्या लोकांना त्यात काही विचित्र वाटलं नाही, चांगला सुतार तो चांगला सुतार.

प्रश्न: भाऊ, मी अकरावीला आहे, पुढे आर्किटेक्चरला जायचं आहे. तुम्ही मागच्या वेळी 'रेनेसाँ वाडा' असं लिहिलं. पण बुरूज तर मध्ययुगातला आहे ना? मग रेनेसाँ नेमकं कुठं पाहायचं? फोटोवरून ओळखायची काही ट्रिक आहे का? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

आहे ना, अन् तुझा प्रश्न या सगळ्या पत्रांमधला मला सर्वात जास्त आवडलेला, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

रेनेसाँ म्हणजे मध्ययुगानंतरची, जुन्या रोमन कलेकडे परत वळलेली शैली. गढी तीच राहिली, तिच्या अंगावर हे नवीन कपडे चढले ते १५२४ नंतर. तेव्हा आर्चबिशप होता आलोन्सो दे फोन्सेका. शिकलेला माणूस, इरास्मस या तेव्हाच्या युरोपातल्या नावाजलेल्या विद्वानाशी त्याचा पत्रव्यवहार. (त्याचे वडीलही आर्चबिशप होते बरं का. लग्न करायची बंदी असलेल्या पदावर बाप अन् बापानंतर लेक, यावर मी जास्त काही बोलत नाही.) त्याने काम दिलं आलोन्सो दे कोवारुबियास याला. हा १४८८ चा जन्म, सुरुवात दगडावर कोरीवकाम करणारा म्हणून, मग हळूहळू पूर्ण इमारतींचा आर्किटेक्ट, १५३७ पासून तर सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बांधकामांचा मुख्य माणूस. टोलेडोचा अल्काझार, म्हणजे तिथला किल्लेवजा राजवाडा, त्याचाच. फोन्सेका १५३४ मध्ये इथंच अल्कालात वारला, मग पुढचा आर्चबिशप तावेरा याने काम चालू ठेवलं. म्हणून वाड्यावर दोघांचीही कुलचिन्हं सापडतात. एकाने सुरू केलेलं काम दुसऱ्याने पुरं करायचं अन् आपली पाटी लावायची, ही पद्धत आपल्याकडच्या उड्डाणपुलांपुरतीच नाही.

आता ट्रिक. फोटो मोठा करून कमानी पाहा. टोकदार कमान असेल, सगळं वर वर आभाळाकडे ओढल्यासारखं दिसत असेल, तर गॉथिक, म्हणजे रेनेसाँच्या आधीची मध्ययुगातली शैली. अर्धगोल कमान असेल, खांबाला रोमन पद्धतीचा पानाफुलांचा माथा असेल अन् इमारतीच्या आडव्या रेषा ठळक असतील, मजल्यावर मजला मोजून मापून ठेवल्यासारखा, तर रेनेसाँ. या वाड्याच्या दर्शनी भागात बघ, भिंत मोठी अन् साधी, मधे मधे कोरीव चौकटीच्या खिडक्या, अन् सगळ्यात वर छपराखाली लहान लहान कमानींची एक ओळच्या ओळ, गॅलरीसारखी. ती वरची ओळ नीट पाहा. खालच्या भिंतीचा सगळा जडपणा ती उचलून घेते. गढीला तशी गॅलरी कशाला लागते? बाण मारायला तर नाही. ती वारा खायला अन् गावाला दाखवायला की आता मला तटाची गरज नाही, माझ्याकडे निवांत वेळ आहे.

दुसरी गोष्ट खिडक्यांच्या चौकटी. वेली, पदकं, चेहरे, अर्धा माणूस अर्धं पान अशा आकृत्या, सगळं बारीक अन् उथळ कोरलेलं. याला स्पॅनिशमध्ये प्लातेरेस्को म्हणतात, प्लातेरो म्हणजे चांदीकाम करणारा सोनार, त्याच्यावरून. इतवारीच्या सराफ्यात जुन्या घडणीचं चांदीचं तबक कधी हातात घेऊन पाहिलंस का, कडेने वेलबुट्टी अन् मधला भाग कोरा? तस्सं. नक्षी सगळीकडे पसरवायची नाही, कडेला एकवटायची अन् बाकी जागा मोकळी सोडायची. माझ्या मते या वाड्याची खरी अक्कल त्या मोकळ्या भिंतीत आहे, नक्षीत नाही, पण हे माझं मत, परीक्षेत लिहू नको.

तिसरं, अन् सर्वात मोठं, आत चौक होता. चौकोनी, उघडा, चहूबाजूंनी कमानींच्या दोन मजली ओसऱ्या. अगदी आपला वाडा म्हण, फक्त दगडात. त्या काळच्या स्पॅनिश चौकांमध्ये एक गोष्ट मला नेहमी आपल्या घरची वाटते. वरच्या मजल्यावर कित्येक ठिकाणी कमान नसतेच, खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूला हात पसरल्यासारखा एक आडवा तुकडा असतो अन् त्यावर तुळई. त्याला ते 'सापाता' म्हणतात, म्हणजे बूट. आपल्या महालातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीत जाऊन उभी राहा अन् खांबाच्या डोक्याकडे पाहा, तिथं लाकडाचा तोच तुकडा दिसेल, टोकाला केळफूल उतरवलेलं. काम दोघांचं सारखंच, तुळईचं वजन खांबापर्यंत नीट पोचवायचं अन् दोन खांबांमधलं अंतर थोडं कमी करायचं. स्पेनवाल्याने आपलं पाहून केलं नाही, आपण त्यांचं पाहून केलं नाही. वजन उचलायचं म्हटलं की सुताराची बुद्धी जिथं तिथं एकाच वाटेने जाते.

आणि त्या चौकातून वर जाणारा जिना. रुंद, दगडी, टप्प्याटप्प्याने वळणारा. भिंतीच्या एकेका दगडाला उशीसारखा फुगवटा देऊन त्यावर पुन्हा कोरीवकाम केलेलं, अन् वर लाकडी छत. जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत त्याचे, एकोणिसाव्या शतकात माद्रिदला स्टुडिओ असलेल्या लोराँ नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने काढलेले. मी ते कम्प्युटरवर मोठे करून बराच वेळ पाहत बसलो होतो, घरच्यांनी दोनदा जेवायला हाका मारल्या. जिन्याच्या पायऱ्या इतक्या बसक्या की आर्चबिशपला लांब झगा सावरत चढताना वाकून पाहावंच लागू नये. हे डिझाईन. पुढे आर्किटेक्चरला गेलीस की पायरीची उंची शिकवतील, तेव्हा हा झगा आठव.

माझ्याच त्या शब्दात एक छोटीशी दुरुस्ती करतो. 'रेनेसाँ वाडा' म्हणजे पूर्ण रेनेसाँ नव्हे. बुरूज चौदाव्या शतकातला, सभेचं दालन पंधराव्यातलं, चौक-जिना-दर्शनी भाग सोळाव्यातला, अन् मधलं मोठं कुलचिन्ह अठराव्यातलं. जुनं पाडून नवं बांधलं असतं तर एकाच काळाचं देखणं घर मिळालं असतं. त्यांनी जुन्याला जोडत नेलं, पैसा असूनही.

प्रश्न: कोलंबस या वाड्यात आला होता असं कुठंतरी वाचलं. खरं की गाइड लोकांची थाप? (एक वाचक, इतवारी)

थाप नाही भाऊ. स्पेनची इसाबेला राणी अन् फर्दिनांद राजा दक्षिणेतल्या ग्रानादाच्या मुस्लिम राज्याविरुद्धच्या लढाईच्या धामधुमीत १४८५ चा हिवाळा काढायला अल्कालात आले होते, उतरले याच वाड्यात. २० जानेवारी १४८६ ला कोलंबस राणीला पहिल्यांदा इथं भेटला. पश्चिमेकडून जहाज नेतो अन् इंडियाला पोचतो, खर्च तेवढा द्या. राणीने लगेच हो म्हटलं नाही, तज्ज्ञांकडे प्रकरण पाठवलं, अन् ते फिरत फिरत १४९२ ला मंजूर झालं. सहा वर्षं! आपल्याकडे नकाशा मंजूर व्हायला वेळ लागतो म्हणून ओरडणाऱ्यांनी कोलंबसाकडे पाहावं. लक्षात घ्या, तेव्हा वाड्याचं रेनेसाँ रूप झालेलंच नव्हतं. कोलंबसाने तो कोरीव चौक पाहिला नाही, त्याने जुनी गढी अन् लाकडी छताचं ते दालन पाहिलं असेल.

पण मला विचाराल तर त्या हिवाळ्यातली मोठी घटना त्याच्या महिनाभर आधीची. १६ डिसेंबर १४८५ ला राणीला मुलगी झाली, कॅथरीन. हीच पुढे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची पहिली बायको. हेन्रीला मुलगा पाहिजे होता, तिच्यापासून सुटका पाहिजे होती, पोप ऐकेना, अन् त्या भांडणातून इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं. आता पाहा हं, हेन्रीसाठी ही सुटका मिळवून आणायचं काम ज्याच्या गळ्यात पडलं तो कोण, तर वूल्झी, यॉर्कचा आर्चबिशप. त्याने लंडनबाहेर थेम्सकाठी १५१४ पासून स्वतःसाठी हॅम्प्टन कोर्ट नावाचा राजवाडा उभा केला होता, इटलीच्या कारागिराकडून रोमन सम्राटांचे टेराकोटाचे गोल चेहरे करून घेऊन विटांच्या भिंतीत बसवले होते, तेही रेनेसाँचंच वारं. राजाच्या डोळ्यात तो वाडा सलला, वूल्झीने तो राजाला देऊनही टाकला, पण सुटका काही त्याला मिळवता आली नाही अन् १५२९ मध्ये तो राजाच्या दरबारातल्या पदावरून गेला, पुढच्या वर्षी वारलाही. एका आर्चबिशपच्या वाड्यात जन्मलेल्या मुलीपायी दुसऱ्या वाडेवाल्या आर्चबिशपचा कारभार आटोपला. तिचा त्यात काय दोष, ती तर आपलं लग्न टिकवायला शेवटपर्यंत भांडली.

त्या मुक्कामात आणखी एक भानगड झाली होती ती सांगतोच. राजा-राणी गावात आहेत तोवर न्यायनिवाडा कोणाचा, राणीच्या न्यायाधीशांचा की गावचा मालक म्हणून आर्चबिशपचा? तेव्हाचा आर्चबिशप मेन्दोसा म्हणजे राणीचा उजवा हात, तरी या मुद्द्यावर दोघंही मागे हटेनात. पाहुणा म्हणते घर माझं, यजमान म्हणते घर माझं.

प्रश्न: नमस्कार. आम्ही महालात चार पिढ्यांपासून राहतो. भोसल्यांचा जुना वाडा जळाला ही गोष्ट आजोबांकडून ऐकत आलो. तुमच्या लेखात तो स्पेनचा वाडाही जळाला असं एका ओळीत होतं, पुढे काहीच नाही. तो कसा जळाला, काय गेलं, काय राहिलं, जरा सविस्तर सांगा. (एक वाचक, महाल)

आजोबा बरोबर सांगत होते. भोसल्यांचा तो राजवाडा काळ्या दगडाचा, अन् त्यावर लाकडाचं कोरीवकाम भरपूर. रघुजी तिसरे १८५३ मध्ये गेले, इंग्रजांनी राज्य खालसा केलं, अन् त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच, १८६४ मध्ये, तो वाडा जळाला. फक्त मोठा दरवाजा तेवढा राहिला अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. दगड आगीत उभा राहतो, लाकूड जातं, अन् वाड्याचं वाडेपण तर सगळं त्या लाकडातच असतं ना.

अल्कालाला नेमकं तेच झालं, फक्त पाऊणशे वर्षांनी, अन् सोबत कागद गेले. झालं असं की १८३६ मध्ये अल्कालाचं जुनं विद्यापीठ माद्रिदला हलवलं, गाव ओस पडल्यासारखं झालं. विद्यापीठ म्हणजे साधंसुधं नव्हतं, सिस्नेरोस आर्चबिशपने १४९९ मध्ये पोपची परवानगी आणून काढलेलं, तिथंच १५१४ ते १५१७ मध्ये हिब्रू, ग्रीक, लॅटिन असं शेजारी शेजारी छापलेलं सहा खंडांचं बायबल तयार झालं, सहाशे प्रती. मग या रिकाम्या होत चाललेल्या गावातल्या वाड्याचं करायचं काय? १८५८ मध्ये सरकारने तिथं देशाचं मध्यवर्ती दफ्तरखाना केलं. वेगवेगळ्या मंत्रालयांचे जुने कागद गाड्या भरभरून आले, इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, खटल्यांचेही आले (त्यातले बरेच पुढे माद्रिदला नेले म्हणून वाचले). मांडण्या लाकडी, छत लाकडी, मधे कागदांचे गठ्ठे, जमिनीपासून वरपर्यंत.

त्यानंतर आलं स्पेनचं यादवी युद्ध. वाडा सैन्याच्या ताब्यात गेला, दफ्तरखान्यात गाड्यांच्या दुरुस्तीची वर्कशॉप. कागद, जुनं वाळलेलं लाकूड अन् इंधन, एका छपराखाली. पण युद्धात काही झालं नाही. युद्ध १ एप्रिल १९३९ ला संपलं, लोक घरी परतू लागले, अन् ११ ऑगस्टला, म्हणजे सव्वाचार महिन्यांनी, आग लागली. सभेच्या दालनाचं पाचशे वर्षांचं छत गेलं. चौक गेला, जिना गेला. मंत्रालयांचे कागद गेले, त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. बॉम्ब पडत होते तेव्हा जे टिकलं ते शांततेच्या पहिल्या उन्हाळ्यात जळालं, हे वाचल्यावर मी तरी पुस्तक बाजूला ठेवून गच्चीवर जाऊन आलो.

राहिलं काय तर दर्शनी भाग, तटाचा भाग, तेनोरिओचा बुरूज, अन् इमारतीचा काही हिस्सा जो नंतर दुरुस्त करून वापरात आणला. १९९१ मध्ये अल्कालाला स्वतःचा बिशप, म्हणजे आर्चबिशपच्या खालच्या पायरीचा धर्मगुरू, मिळाला, आता त्याचं ऑफिस तिथं आहे. म्हणजे आर्चबिशपचा वाडा हे नाव कायम, राहणारा बिशप. भाच्याने काकूंना जे फोटो पाठवले त्यात वाडा जरा अर्धवट वाटतो, चेहरा आहे अन् मागे धड नाही असं, त्याचं कारण हेच.

तुमच्या पत्रात शेवटी तुम्ही लिहिलं की आमच्या घराच्या ओसरीचे दोन खांब अजून जुने आहेत, त्यावरून लाइटची वायर गेली आहे, इलेक्ट्रिशियनने केळफुलातच खिळा ठोकला. दादा, पहिले ती वायर काढून घ्या. खांबाला लागून पाइपमधून फिरवता येते, खर्च फार नाही. अन् जुन्या सागाला खिळ्यापेक्षा जास्त भीती शॉर्टसर्किटची.

प्रश्न: दारावर मधोमध जे भलंमोठं कुलचिन्ह दिसते ते कोणत्या आर्चबिशपचं? नातू विचारून राहिला, मला सांगता आलं नाही. (एक आजोबा, सक्करदरा)

आजोबा, नातवाला हे उत्तर भारी आवडेल. नातू किती वर्षांचा आहे? कारण हे चिन्ह ज्याचं आहे तो लुइस आंतोनिओ दे बोर्बोन, स्पेनचा राजा पाचव्या फिलिपचा मुलगा, १७२७ चा जन्म, अन् १७३५ मध्ये तो कार्डिनल (पोपच्या खालोखालचं पद) अन् टोलेडोचा कारभारी आर्चबिशप झाला. आठ वर्षांचा. बापाला त्या गादीचा पैसा घरात पाहिजे होता, एवढाच हिशोब. पोराला यात काडीचा रस नव्हता, मोठा झाल्यावर १७५४ मध्ये सगळं सोडून मोकळा झाला, नंतर लग्नही केलं. आठ वर्षांच्या पोराचं चिन्ह फोन्सेका अन् तावेराच्या नाजूक कामाच्या मधोमध, इतकं मोठं की खिडक्या बिचाऱ्या दबून गेल्या. सोळाव्या शतकाची ती मोकळी भिंत ज्याला कळली नाही त्यानेच ते तिथं चढवलं असणार, यात मला शंका नाही.

प्रश्न: पुढच्या वर्षी मुलीकडे युरोपला चाललो. हे गाव पाहण्यासारखं आहे का, की फक्त जळालेला वाडा पाहून यायचं? (एक वाचक, मनीषनगर)

जा ना. माद्रिदहून लोकल ट्रेन आहे, अंतर तीसेक किलोमीटर, म्हणजे नागपूर ते बुटीबोरी समजा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. जुनं विद्यापीठ अन् गावाचा जुना भाग १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, 'डॉन किहोते' लिहिणाऱ्या सर्वान्तेसचा जन्मही याच गावातला, १५४७ चा. बुरुजांवर अन् चर्चच्या शिखरांवर करकोच्यांची मोठमोठी घरटी असतात, ती मान वर करून पाहा. वाडा बिशपचं ऑफिस असल्यामुळे आत मनमर्जीने फिरता येत नाही, पण दर्शनी भाग रस्त्यावरून नीट दिसते अन् त्याचे पैसे लागत नाहीत. उन्हाळ्यात जाणार असाल तर टोपी घ्या, तिथलं ऊनही कोरडं अन् डोक्यावर बसणारं, आपल्याला सवय आहे तरी.

अन् प्रतापनगरच्या काकू, भाच्याला एक निरोप द्या. त्याच्या फोटोत वरची कमानींची ओळ अर्धी कापली गेली आहे. पुन्हा गेला तर थोडं मागे सरकून, त्या ओळीसकट एक फोटो काढ म्हणा, अन् बुरुजाचा वेगळा. आम्ही छापू. खाली गावाचं नाव यावेळी मी भाच्यालाच विचारून टाकतो.